डेस्कटॉपचा पंखा की पिठाची गिरण? (मुक्काम वेंगुर्ला)

सुरंगी | ११ मे, रात्री ११:२०

मंडळी, जरा मदत हवी आहे.

दीड वर्षापूर्वी मुंबईचं बिऱ्हाड आवरून वेंगुर्ल्याला सासरच्या घरी कायमची आले. डेस्कटॉपही आणला, टेम्पोतून, दोन गाद्यांच्या मध्ये उभा करून. सहाव्या पिढीचा आय-५ आहे, प्रोसेसरसोबत आलेलाच कूलर (त्याला गार ठेवणाऱ्या पट्ट्या नि पंखा), एक हार्डडिस्क, मागे एक पंखा. ग्राफिक्स कार्ड नाही. मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते. निम्मी मुलं ओटीवर बसतात, निम्मी ऑनलाइन.

मुंबईत या मशीनचा आवाज कधी जाणवलाच नाही. येत असणार, पण खाली रिक्षा नि वर सोसायटीचा पंप, त्यात कुठे कळतंय. इथे रात्री नऊनंतर फक्त समुद्राची गाज, रातकिडे, आणि त्यात आमचं घुर्रर्र. परवा ऑनलाइनवाल्यांपैकी एकाने विचारलं, "टीचर, तुमच्याकडे गिरण चालू आहे का?" झालं, आता सगळ्या वर्गात मशीनचं नाव गिरण. सासूबाई पलीकडच्या खोलीत झोपतात. त्या बोलत नाहीत काही, पण रात्री मी वह्या तपासायला बसले की दार ओढून घेतात. ते दार ओढणं मला जास्त लागतं.

इथे एका दुकानात दाखवलं. झाकणही न उघडता "जुना झालाय मॅडम, नवीनच घ्या" म्हणून मोकळे झाले. नवीन घ्यायची आत्ता ऐपत नाही. पंखा बदलून भागेल का? कुठला घ्यावा? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

जांभादगड | ११ मे, रात्री ११:४१

आधी झाकण उघडा आणि आतली माती काढा. चिऱ्याचं घर आहे ना? गिलावा नसलेल्या भिंतीतून बारीक तांबडी भुकटी कायम झरत असते. आमच्या कुडाळच्या घरातला सीपीयू उघडला तेव्हा कूलरच्या पट्ट्यांमध्ये गालिचा विणल्यासारखा थर होता.

काजूबी | १२ मे, सकाळी ७:०५

नॉक्टुआचा पंखा घ्या, डोळे मिटून. ऑस्ट्रियाची कंपनी आहे. रंग चहा-बिस्किटासारखा, पण आवाज नाही म्हणजे नाही.

खाजणातला | १२ मे, सकाळी ८:१२

डोळे मिटून खर्च करायला सांगणाऱ्या सगळ्यांना साष्टांग नमस्कार. (हलकेच घ्या.)

तिठ्यावरचो | १२ मे, सकाळी ९:३०

गो बाय, आमच्या थंय पण असोच आवाज येय होतो. झिलान उघडून बघल्यान तर भितुर पालीची अंडी! ती काढली. मगे पंख्याक खोबऱ्याचा तेल घातलंय. दोन म्हयने एकदम गप. पण जानेवारीत सकाळी पंखो फिरूकच तयार नाय! हसू नकात.

दुरुस्तीवाला | १२ मे, दुपारी २:४८

@तिठ्यावरचो, हसलो. माफ करा. खोबरेल तेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं. आपल्याकडे थंडीत पहाटे पारा त्याच्या बराच खाली येतो, मग बेअरिंगमध्ये तेलाचं तूप होतं. शिवाय जुनं झालं की ते चिकट होतं आणि धूळ धरून बसतं ते वेगळंच. पंख्याला शिवणयंत्राचं तेल. खोबरेल केसांना आणि नारळ सोलकढीला राहू द्या.

@सुरंगी, मी रत्नागिरीत बारा वर्षं हेच काम करतो. पंखा कुठला घ्यावा हे नंतर. आधी सांगा, आवाज केव्हा येतो? एका डब्यात तीन पंखे असतात: प्रोसेसरवरचा, मागचा, आणि एसएमपीएसच्या, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्याच्या, पोटातला. हार्डडिस्कची गुणगुण चौथी. तक्रार एकच असली तरी आवाज क्वचितच एक असतो. गिऱ्हाईक म्हणतं "पंखा वाजतो", आणि निघतं दुसरंच.

सकाळी सुरू करताना खरखर होऊन पाच-दहा मिनिटांत कमी झाली तर बेअरिंग सुकलंय, गरम होऊन थोडं सैल पडतं म्हणून गप्प होतं. काम वाढलं की आवाज वाढतो आणि काम थांबलं की उतरतो, तर पंखा बिचारा बरोबर आहे, खाली प्रोसेसर तापतोय. काम असो नसो, एकसुरी 'हूं' चालू असेल तर पंख्याला वेग कमी करायचा हुकूमच पोचत नाहीये. आणि बाजूच्या पत्र्यावर तळहात दाबला की आवाज थांबला, तर तो पत्राच थरथरतोय, स्क्रू आवळा नि विषय संपवा.

कान लावून कळत नसेल तर कॅलेंडर सुरळी करून नळी करा. एक टोक कानाला, दुसरं एकेका पंख्याजवळ. डॉक्टरांच्या नळीसारखं. लांब केस नि ओढणी सांभाळा.

पडवीतून | १२ मे, दुपारी ३:१५

वाखू (वाचनखूण) साठवली. माझ्यात सगळेच आवाज येतात बहुतेक.

सुरंगी | १२ मे, रात्री १०:०२

दुरुस्तीवाले, तुम्ही खरंच डॉक्टर आहात. कालनिर्णयची सुरळी करून बसले, सासूबाई दारातून बघत होत्या.

तर निरीक्षणं अशी. १) सकाळी सुरू केल्यावर मागून खर्रखर्र, सात-आठ मिनिटांनी कमी. २) मागूनच एक 'हूं', तो दिवसभर सारखा. ३) व्हिडिओ कॉल सुरू झाला की दोन मिनिटांत मधून, म्हणजे प्रोसेसरवरून, घुर्रर्र चढत जातं. कॉल बंद केला की उतरतं. पत्रा दाबून काही फरक नाही.

म्हणजे तुमच्यातल्या चारपैकी तीन! आणि मागचा पंखा मुंबईत असताना एकदा बदलला होता, लॅमिंग्टन रोडवरून आणलेला, स्वस्तातला. त्याला तीन वायरी आहेत.

दुरुस्तीवाला | १३ मे, सकाळी ११:२०

तीन वायरी म्हणालात तिथेच निम्मं उत्तर आलं.

तीन पिनांच्या पंख्याचा वेग व्होल्टेज कमी-जास्त करून बदलतात. १२ व्होल्ट दिले की पूर्ण वेग. चार पिनांच्या पंख्याला मात्र १२ व्होल्ट कायम मिळतात आणि चौथ्या वायरीवरून ठोक्या-ठोक्याने किती जोरात फिरायचं ते सांगतात, त्याला पीडब्ल्यूएम म्हणतात. हे ठोके सेकंदाला २५ हजार, माणसाच्या कानाच्या टप्प्याबाहेर, म्हणून ते स्वतः वाजत नाहीत. आता तुमचा मदरबोर्ड चौथ्या वायरीवर हुकूम सोडत बसलाय, आणि पंख्याला चौथी वायरच नाही. तो आपला १२ व्होल्टवर सुसाट.

बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी मशीनची सेटिंग) जा, सुरू होताना डिलीट किंवा एफ-२ दाबून. पंख्यांचं पान शोधा. मागच्या पंख्यासमोर पीडब्ल्यूएम किंवा ऑटो दिसेल, तिथे डीसी (म्हणजे व्होल्टेजने वेग) करा. बहुतेक बोर्डांवर असतं. पैसे शून्य.

वेग निम्मा केला तर हवा निम्मी होते, पण आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो, आणि १० डेसिबल कमी म्हणजेच कानाला निम्मा वाटतो. म्हणून थोडीशी हवा सोडून दिली तर शांतता भरपूर मिळते. मोठा पंखा हळू फिरवणं बरं ते याचसाठी. ८० मिलिमीटरचा किंचाळतो तेवढीच हवा १२० चा पुटपुटत देतो.

शंभरअंश | १३ मे, दुपारी १२:४०

वरच्याशी सहमत. फक्त एक पुस्ती: विंडोजच्या पॉवर ऑप्शनमध्ये प्रोसेसरची कमाल पातळी १०० ऐवजी ९९ टक्के करून बघा. इंटेलवर त्याने टर्बो (प्रोसेसरचा जादा वेग) बंद होतो. व्हिडिओ कॉल नि वह्या तपासायला टर्बो लागत नाही. आणि एचडब्ल्यूइन्फो हे सॉफ्टवेअर टाकून प्रोसेसरचं तापमान बघा, ते फुकट आहे. आकडे इथे द्या.

काजूबी | १३ मे, दुपारी १:०५

किंवा कॅबिनेटच पलीकडच्या खोलीत ठेवा, भिंतीला भोक पाडून. मी केलंय. यूएसबी २.० ची साधी वायर ५ मीटरच्या आत ठेवा, त्यापुढे भरवसा नाही.

सुरंगी | १३ मे, दुपारी १:३०

पलीकडच्या खोलीत सासूबाई आहेत हो!

काजूबी | १३ मे, दुपारी १:३२

अरे हो. मागे घेतो.

सुरंगी | १४ मे, रात्री ९:१५

डीसी केलं. 'हूं' गेला! म्हणजे आहे, पण कान लावल्याशिवाय कळत नाही. दीड वर्षं मी एका चुकीच्या पर्यायाबरोबर संसार करत होते.

आता तापमान. नुसतं सुरू असताना ६८. कॉल सुरू करून मुलांना अपवर्तनाची आकृती दाखवायला घेतली तर ९७. खोलीत ३१ होतं. पंखा मिनिटाला २६०० फेऱ्या.

शंभरअंश | १४ मे, रात्री ९:२२

९७! बाई, त्याच्यावर घावन घाला.

शंभरच्या आसपास गेला की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करून जीव वाचवतो. म्हणजे तुम्हाला आवाजही मिळतोय आणि कामही हळू. एवढ्या हलक्या कामाला एवढं तापायचं कारण नाही. कूलर प्रोसेसरला नीट टेकलेला नाहीये.

दुरुस्तीवाला | १४ मे, रात्री १०:५०

टेम्पोतून आणला म्हणालात. मुंबई-गोवा हायवेने?

सुरंगी | १४ मे, रात्री १०:५४

दुसरा रस्ता कुठला आहे?

दुरुस्तीवाला | १४ मे, रात्री ११:१०

मग बघायलाच नको. इंटेलसोबत येणारा कूलर चार प्लास्टिकच्या खुंट्यांवर उभा असतो. मुंबईहून आलेल्या मशीनमध्ये एक खुंटी सुटलेली मला वर्षातून पाच-सहा वेळा तरी सापडते. एक सुटली की कूलर एका बाजूने केसभर उचलला जातो, आणि तेवढं पुरतं.

करा असं. मशीन बंद, वायर भिंतीतून काढून ठेवा, बटण दोनदा दाबा म्हणजे उरलीसुरली वीज जाईल. कूलरची वायर बोर्डावरून काढा. चारी खुंट्यांची डोकी बाणाच्या दिशेने पाव वळण फिरवून वर ओढा. कूलर सरळ उपटू नका, हलकेच डावीउजवीकडे फिरवत सोडवा. प्रोसेसर नि कूलरच्या मधली, उष्णता पोचवणारी जुनी पेस्ट खडूसारखी झाली असेल. आयसोप्रोपिल अल्कोहोल सुती कापडावर घेऊन पुसा. सॅनिटायझर नको, त्यात इतर बरंच काही असतं. नवी पेस्ट मध्यभागी तुरीच्या दाण्याएवढी. जास्त लावली की ती बाजूने बाहेर येते, गणपतीच्या मोदकातून सारण यावं तशी, आणि उपयोग काहीच नाही.

बसवताना खुंट्या समोरासमोरच्या, तिरक्या जोडीने दाबा. 'टक्' ऐकू आलं पाहिजे. चार वेळा टक्. तीन आले तर परत काढा.

धूळ ब्लोअरने उडवा, घरातल्या खळ्यात नेऊन. आणि उडवताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. वाऱ्याने भन्नाट फिरला तर बेअरिंगची वाट लागते. व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नका, त्याच्या नळीवर स्थिर वीज साठते.

एसएमपीएस बाहेरून पुसा. उघडायचा नाही. आतले कपॅसिटर वायर काढल्यावरही झटका देतात.

आजोबा ऑनलाइन | १५ मे, पहाटे ५:४०

चांगला धागा. थोडं मिठाबद्दल लिहितो. आम्ही हर्णैला किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर राहतो. हवेतलं मीठ धुळीबरोबर आत जातं आणि बसतं. हवेची आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळायला लागतं. पावसाळ्यात आपल्याकडे ती त्याच्या वरच असते. मग कोरडी धूळ ओली होते, पट्ट्यांना चिकटते, ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी येते नि स्क्रू गंजतात. घाटावरच्या धुळीला फुंकर पुरते, आपल्या धुळीला ब्रश लागतो. म्हणून आमच्याकडे साफसफाई मे महिन्यातच, पावसाच्या आधी. आणि पावसाळ्यात मशीन रोज तासभर तरी चालू ठेवावं, स्वतःच्या उबेने कोरडं राहतं. झाकून ठेवलेला डेस्कटॉप आधी मरतो, हे मी अनुभवाने सांगतो, माझा मेला.

खाजणातला | १५ मे, सकाळी ८:००

आजोबा, नमस्कार. हे मीठमसाल्याचं गणित पहिल्यांदाच कळलं.

सुरंगी | १७ मे, संध्याकाळी ६:३५

रविवार सत्कारणी लागला. सविस्तर लिहिते, राग मानू नका.

खळ्यात चटई टाकून झाकण उघडलं. ओटीवरची चार मुलं "प्रॅक्टिकल" म्हणून हजर. आत तांबडी धूळ, जांभादगड म्हणाले तशीच, कूलरच्या पट्ट्यांत वाकळ शिवल्यासारखी. आणि खालच्या उजव्या कोपऱ्यातली खुंटी वर! बोट लावलं तर लुटुलुटु हलत होती. पेस्ट वाळून खडू. सगळं तुम्ही सांगितलं तसं केलं. पहिल्या खेपेला तीनच टक्. परत काढला, परत पेस्ट, मग चार. चौथ्या टक्ला मुलांनी टाळ्या वाजवल्या.

आता खरी गंमत. एसएमपीएसच्या मागच्या जाळीवर कोपऱ्यात मातीचा गोळा. मला वाटलं चिखल उडालाय. मुलगी म्हणाली, "टीचर, कुंभारीण!" कुंभारीण माशीचं घर. सुपारीएवढ्या तीन नळ्या एकमेकींना चिकटवलेल्या, वरून बोटांनी सारवल्यासारख्या वळ्या. एक नळी फुटलेली, रिकामी. मार्चमध्ये मी लेकीकडे पंधरा दिवस गेले होते तेव्हा बांधलं असणार. दुसरी नळी काडीने उकलली तर आत सात-आठ छोटे कोळी, मेलेले वाटावेत असे, पण एकाचा पाय हलला. ती त्यांना डंख मारून लुळे करते नि पिल्लाला ताजं खाणं म्हणून भरून ठेवते. अपवर्तन राहिलं बाजूला, अर्धा तास हाच वर्ग झाला.

सासूबाई म्हणाल्या, "मोडू नको गं, तिनं कष्टाने बांधलंय." मी म्हटलं, आई, ती आपल्या गिरणीचं नाक दाबून बसलीय. शेवटी मशीन आडवं करून, माती जाळीतून आत पडणार नाही असं, बाहेरच्या बाहेर खरवडून काढलं. न उघडलेली नळी सासूबाईंनी मांगराच्या भिंतीला, कोनाड्यात नेऊन ठेवली.

मागच्या पंख्याचं स्टिकर सोलून पाहिलं, खाली भोक होतं. सासूबाईंच्या शिवणयंत्राच्या खणात तेलाची कुपी होती, त्यातले दोन थेंब. स्टिकर पुन्हा चिकटेना, म्हणून वरून टेप लावली.

आकडे: नुसतं सुरू असताना ४१. कॉलवर ६६. पंखा ११५० फेऱ्या. सकाळची खरखर उद्या कळेल.

शंभरअंश | १७ मे, संध्याकाळी ६:५०

९७ वरून ६६! एकूण खर्च?

सुरंगी | १७ मे, संध्याकाळी ६:५८

पेस्टची नळी आणि अल्कोहोलची बाटली. आणि चार मुलांना कोकम सरबत.

जांभादगड | १७ मे, संध्याकाळी ७:१०

कॅबिनेटच्या जाळीला आतून नायलॉनची मच्छरदाणी लावा, माशी आत शिरणार नाही. पण फक्त हवा आत जाते तिथे लावा, बाहेर पडते तिथे नको. आणि महिन्यातून एकदा झटका, नाहीतर तीच गळा आवळेल.

पडवीतून | १८ मे, सकाळी १०:२०

माझ्याकडे लाईट गेल्यावर, इन्व्हर्टरवर असतानाच 'झीं' असा आवाज येतो. तोपण पंखाच का?

दुरुस्तीवाला | १८ मे, दुपारी १:३५

@पडवीतून, छताचा पंखाही तेव्हा कण्हतो ना? मग इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हवाला आहे. त्याची वीज गुळगुळीत लाटेसारखी नसते, पायऱ्या-पायऱ्यांची असते, त्याने गुंडाळ्या झिणझिणतात. डेस्कटॉप बिघडलेला नाही. पुढच्या वेळी साइन वेव्हचा घ्या.

@सुरंगी, तेल सहा-आठ महिने पुरेल. पुन्हा खरखरला तर मात्र त्याला निरोप द्या आणि चार पिनांचा १२० चा घ्या. कुठल्या कंपनीचा ते काजूबींना विचारा.

काजूबी | १८ मे, दुपारी १:५०

डोळे मिटून सांगेन.

सुरंगी | १९ मे, सकाळी ७:४५

सकाळची खरखर गेली. काल रात्री वह्या तपासत होते, साडेअकरा वाजले, आणि पहिल्यांदा हार्डडिस्कची टिकटिक ऐकू आली. दीड वर्षात नव्हती ऐकली. पलीकडचं दार उघडंच होतं.

तिठ्यावरचो | १९ मे, सकाळी ९:०५

बरा झाला बाय. ती टिकटिक मात्र बघून घे. हार्डडिस्क जाऊच्या आदी अशीच बोलता. फायली दुसरीकडे ठेव.

सुरंगी | १९ मे, सकाळी ९:४०

ठेवते, आजच. धन्यवाद काका.

सुरंगी | ९ जून, रात्री ८:१०

धागा वर काढते, एक प्रश्न आहे. पाऊस सुरू झाला. पडवीवर पत्रे आहेत. आज ऑनलाइनवाला तोच मुलगा म्हणाला, "टीचर, गिरण बंद झाली, पण आता तुमच्याकडे खडी टाकताहेत का?" मायक्रोफोनसाठी काही उपाय?

शंभरअंश | ९ जून, रात्री ८:३०

कॉलच्या सेटिंगमध्ये नॉइज सप्रेशन 'हाय' करा. आणि कॉलरला लावायचा माइक घ्या, तोंडापासून वीतभर अंतरावर.

पडवीतून | ९ जून, रात्री ८:४४

माझा यूपीएस दर अर्ध्या तासाने पीप करतोय. इथेच विचारू की नवीन धागा काढू?

दुरुस्तीवाला | ९ जून, रात्री ९:१५

नवीन काढा. बॅटरी किती वर्षांची आहे ते लिहा.